बुडालेल्या जहाजांवरील माल : आकडा येतो कुठून आणि मोल राहते कशात?

गलबत

समुद्रतळाशी एखादे जुने जहाज सापडल्याची बातमी आली की मथळ्यात जहाजाच्या नावाआधी मालाच्या किमतीचा आकडा बसतो. ‘सान होजे’ या स्पॅनिश जहाजाचेच पाहा. ८ जून १७०८ रोजी आजच्या कोलंबियातील कार्ताहेना बंदराबाहेर इंग्रज आरमाराशी झालेल्या लढाईत ते सुमारे सहाशे माणसांसह बुडाले आणि २०१५ मध्ये ते सापडल्याचे कोलंबियाच्या सरकारने जाहीर केले. तेव्हापासून त्यावरील सोने, चांदी आणि पाचू यांची किंमत कुठे काही अब्ज डॉलर, कुठे १७ अब्ज, तर कुठे २० अब्ज डॉलर अशी छापून येत आहे. जहाज तेच, माल तोच, आणि त्यातला बहुतांश अजून तळाशीच पडलेला आहे. मग आकडा वाढतो तो कशाने?

माझ्या वाचनातून दिसलेली रीत अशी आहे. अमेरिका खंडातून स्पेनला निघणाऱ्या जहाजांवरील मालाची नोंदवही ठेवली जाई, कारण मौल्यवान धातूवर राजाचा पंचमांश वसूल करायचा असे. अशा अनेक नोंदी स्पेनमधील सेव्हिलच्या दप्तरखान्यात आजही आहेत. नोंदीतील किंवा नोंद नसल्यास अंदाजातील पेसोंची, म्हणजे त्या काळच्या स्पॅनिश नाण्यांची, संख्या घ्यायची, तिला आजच्या लिलावातील एका चांगल्या नाण्याच्या भावाने गुणायचे, आणि वर कर चुकवण्यासाठी लपवून चढवलेला माल म्हणून हवी तेवढी भर घालायची. यातली पहिली पायरी इतिहासाची, दुसरी बाजाराची आणि तिसरी कल्पनेची आहे.

मात्र तिसरी पायरी म्हणजे निव्वळ थाप, असेही म्हणता येत नाही. सप्टेंबर १६२२ मध्ये फ्लोरिडाच्या बेटांजवळ वादळात बुडालेल्या ‘आतोचा’ या स्पॅनिश जहाजावर जे पाचू मिळाले, त्यांचा मालाच्या नोंदीत उल्लेखच नव्हता. त्याच जहाजाच्या बाबतीत नोंदवहीचा उपयोगही तितकाच विलक्षण आहे. १९७३ मध्ये त्याचा शोध घेणारे अमेरिकी खजिनाशोधक मेल फिशर यांच्या पाणबुड्यांना चांदीच्या काही विटा सापडल्या. त्यांपैकी एकीवर कोरलेला ४५८४ हा क्रमांक नोंदवहीतील क्रमांकाशी जुळला आणि आपण योग्य जहाजाच्या मागावर आहोत हे सिद्ध झाले. तरीही मुख्य साठा हाती लागायला २० जुलै १९८५ उजाडावा लागला. त्याआधी, बरोबर दहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला, फिशर यांचा मुलगा, सून आणि एक पाणबुड्या अशी तीन माणसे शोधनौका उलटून दगावली होती. एकूण शोध सोळा वर्षांचा होता. ‘आतोचा’वरील मालाचा चाळीस कोटी डॉलरचा आकडा सांगताना हा खर्च कोणीच वजा करत नाही.

तर या धाग्यात चर्चा हवी आहे ती अशी : बुडालेल्या मालाचे मोल ठरते कसे, आणि त्याची ओढ एवढी का वाटते?

नाणेप्रेमी

आकडेमोडीतील सर्वांत कच्चा दुवा दुसऱ्या पायरीत आहे. एका नाण्याचा भाव हा ते नाणे दुर्मीळ असल्याचा भाव असतो. तीच नाणी लाखांनी वर आली की गुणाकाराला अर्थ राहत नाही. ‘सेंट्रल अमेरिका’ ही आगबोट सप्टेंबर १८५७ मध्ये कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे जाताना वादळात बुडाली आणि ४२५ माणसे गेली. १९८८ मध्ये तिचा शोध लागला आणि सान फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत १८५७ मध्ये पाडलेली वीस डॉलरची सोन्याची नाणी त्यातून पाच हजारांहून अधिक निघाली. तोवर हे नाणे कोऱ्या अवस्थेत क्वचितच पाहायला मिळत असे. आज त्या काळातील त्या किमतीचे कोरे नाणे हवे असेल, तर सर्वांत सहज मिळते ते हेच. विक्रेत्यांनी ती नाणी एकदम बाजारात ओतली नाहीत, जहाजाची कथा आणि प्रमाणपत्र जोडून हळूहळू विकली, म्हणून भाव टिकला.

चांदीचे गणित निराळे आहे. सोने खाऱ्या पाण्यात शतकानुशतके जसेच्या तसे राहते, तर चांदी काळवंडते, तिचे सल्फाइड आणि क्लोराइड बनते, शेजारची नाणी एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात आणि गठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूची नाणी झिजून कागदासारखी पातळ होतात. असे नाणे जमिनीवरच्या संग्रहातून आले असते तर कोणी हाती धरले नसते. जहाजाचे नाव लागल्यावर मात्र त्यातील धातूच्या कितीतरी पट पैसे मिळतात. म्हणजे ग्राहक चांदी विकत घेतच नसतो. तो बुडण्याची घटना विकत घेत असतो.

साशंक

मला एक साधा प्रश्न पडतो. ज्या मालाकडे तीनशे वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही, तो ज्याने स्वतःच्या पैशाने शोधला त्याचा का मानू नये? आकडा फुगवलेला असो वा नसो, जोखीम त्याने घेतलेली असते. वारसा, संस्कृती वगैरे शब्द सोने वर आल्यावरच ऐकू येतात, त्याआधी नाही.

कायद्याचा वाचक

साशंक यांच्या प्रश्नाला न्यायालयांनी एकच उत्तर दिलेले नाही, आणि म्हणूनच हे दावे वर्षानुवर्षे चालतात. मुळात दोन वेगवेगळी तत्त्वे आहेत. एकानुसार मालक कायम राहतो आणि माल वाचवून आणणाऱ्याला मोबदला मिळतो. दुसऱ्यानुसार मालकाने हक्क सोडून दिला असेल तर सापडलेली वस्तू शोधणाऱ्याची होते. पण केवळ काळ लोटला म्हणून हक्क सुटला असे न्यायालये सहसा मानत नाहीत, आणि राज्यसत्तेच्या जहाजाबाबत तर नाहीच.

विमा कंपन्यांचा हक्क हा त्यातला मला सर्वांत रोचक वाटणारा भाग आहे. नुकसानभरपाई दिली की बुडालेला माल विमा कंपनीच्या मालकीचा होतो. ‘लुटीन’ हे जहाज ऑक्टोबर १७९९ मध्ये डच किनाऱ्याजवळ सोने-चांदीसह बुडाले, तेव्हा लंडनच्या लॉइड्स या विमासंस्थेने भरपाई पूर्ण चुकती केली. त्या जहाजाची १८५८ मध्ये काढलेली घंटा आजही लॉइड्सच्या इमारतीत टांगलेली आहे. ‘सेंट्रल अमेरिका’चे सोने वर येताच विमा कंपन्या, काही तर मूळ कंपन्यांच्या वारसदार म्हणून, १८५७ मधील भरपाईच्या आधारे न्यायालयात उभ्या राहिल्या. न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. पण काढणाऱ्यांचे कष्ट आणि जोखीम एवढी मोठी ठरवली की नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा त्यांनाच दिला. म्हणजे साशंक म्हणतात तो न्याय मिळाला होता, आणि तोही मालकी न देता.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘मेर्सेदेस’चे आहे. ५ ऑक्टोबर १८०४ रोजी पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ इंग्रजांशी झालेल्या चकमकीत या स्पॅनिश युद्धनौकेचा स्फोट झाला. २००७ मध्ये ओडिसी या अमेरिकी कंपनीने सुमारे सतरा टन वजनाची पाच लाखांहून अधिक नाणी, मुख्यतः चांदीची, काढली आणि जहाजाचे नाव न सांगता ती फ्लोरिडाला नेली. स्पेनने दावा लावला. ही परकीय राज्याची युद्धनौका आहे आणि तिच्यावर आपला अधिकारच चालत नाही, असे अमेरिकी न्यायालयांनी ठरवले. २०१२ मध्ये सर्व नाणी विमानाने स्पेनला परत गेली आणि कंपनीच्या पदरी मोबदलाही पडला नाही. पेरूनेही दावा केला होता, कारण ती चांदी त्या प्रदेशातून निघालेली होती. तो फेटाळला गेला.

खोलपाणी

कायद्याची बाजू वाचून एक गोष्ट मांडावीशी वाटते. गाजतात ती स्पॅनिश गलबते, पण हिशेब खरोखर जमतो तो विसाव्या शतकातील आगबोटींवरच्या धातूचा, कारण तिथे वजन, मालक आणि करार तिन्ही कागदावर असतात.

सुरुवात ‘इजिप्त’पासून करता येईल. लंडनहून मुंबईला निघालेली ही बोट २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यावर तेव्हाच्या दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. खोली सुमारे १२० मीटर, म्हणजे त्या काळच्या पाणबुड्याच्या पोशाखाच्या आवाक्याबाहेरची. इटलीच्या पथकाने एक बंदिस्त लोखंडी कोठडी तळाशी सोडली. आत बसलेला माणूस काचेतून पाहून टेलिफोनवर सूचना देई आणि वरच्या बोटीवरची यारी तिच्या पंजाने जहाजाचे एकेक मजले उचकटे. काम फत्ते झाले तरच पैसे, असा करार होता. मधल्या काळात, डिसेंबर १९३० मध्ये, दुसऱ्याच एका बुडालेल्या दारूगोळ्याच्या जहाजाला सुरुंग लावताना त्यांची ‘आर्तीलियो’ ही बोट बहुतेक अनुभवी माणसांसह उडाली. त्यानंतर त्याच नावाची दुसरी बोट घेऊन त्यांनी काम चालू ठेवले आणि १९३२ च्या उन्हाळ्यात सोने वर आणले.

पुढे दुसऱ्या महायुद्धातील चांदीचा क्रम लागला. कलकत्त्याहून चांदी, चहा आणि बिडाचे लोखंड घेऊन निघालेली ‘गेरसोप्पा’ फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या नैर्ऋत्येला बुडवली आणि एकच माणूस वाचला. २०१२ आणि २०१३ मध्ये तिच्यातून सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून एकशे दहा टनांच्या आसपास चांदी निघाली. ब्रिटिश सरकारशी आधीच करार झाला होता आणि खर्च वजा जाता ऐंशी टक्के वाटा कंपनीचा होता. हीच ती ओडिसी कंपनी, जिला ‘मेर्सेदेस’मधून एक छदामही मिळाला नाही. ‘सिटी ऑफ कैरो’ तर मुंबईहून निघाली होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये ती बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे शंभर टन चांदीचे रुपये होते. त्यांतले कित्येक टन ५,००० मीटरहून अधिक खोलीतून काढले गेले आणि नंतर बहुतेक वितळवून विकले गेले.

हा शेवटचा तपशील नाणेप्रेमी यांच्यासाठी मुद्दाम दिला आहे. बुडण्याची घटना विकत घेणारा ग्राहक एवढ्या मोठ्या संख्येने मिळत नसेल, तर रुपयाची शेवटी चांदीच होते.

नाणेप्रेमी

तपशील वाचून वाईट वाटले, पण हिशेब बरोबर आहे. जाता जाता एक भर घालतो. ‘इजिप्त’वर सोन्याबरोबर निजामाच्या हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या, चलनात न आलेल्या नोटाही होत्या. त्यांतल्या काही समुद्रातून निघाल्या आणि आज संग्राहक त्या आवडीने घेतात. ज्या कागदाला त्या वेळी अजून चलनाचे मोलही आलेले नव्हते, त्याला मोल आले ते बुडाल्यामुळे.

चहाबाज

सोन्या-चांदीच्या पलीकडे पाहिले तर समुद्र व्यापाऱ्याची किंमतपत्रिका अक्षरशः उलटी करतो. ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज कँटनहून परतताना जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात खडकावर फुटले. कंपनीच्या दृष्टीने त्यावरचा खरा माल म्हणजे चहा. चिनी मातीची भांडी तळखणात रचलेली होती, कारण ती जड असत, भिजून बिघडत नसत आणि त्यांच्यामुळे वरच्या चहाच्या पेट्या पाण्यापासून दूर राहत. चहा नष्ट झाला, पण त्याच्या जाड थरात रुतून बसल्यामुळे भांडी मात्र अभंग राहिली. १९८६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या लिलावात सुमारे दीड लाख भांड्यांनी आणि शंभराहून अधिक सोन्याच्या विटांनी सुमारे एक कोटी पौंड मिळवले. कंपनीच्या हिशेबनिसाने हा लिलाव पाहिला असता तर कपाळाला हात लावला असता.

मिऱ्यांची गोष्ट अशीच आहे. भारतातून परतणारे पोर्तुगीज जहाज १६०६ मध्ये लिस्बनच्या अगदी तोंडाशी, तेहो नदीच्या मुखावर फुटले आणि किनाऱ्यावर काळ्या मिऱ्यांचा तवंग लोटला, तो गोळा करायला लोक धावले. पुरातत्त्वज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन केले तेव्हा जहाजाच्या अवशेषांवर मिऱ्यांचा थर मिळाला. बाजारात त्याची किंमत शून्य. पण त्या जहाजाची ओळख त्याच थराने होते.

बाल्टिक समुद्रात खारेपणा कमी असल्याने लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे फारसा जगत नाही आणि थंडीमुळे नाशवंत मालही टिकतो. २०१० मध्ये ओलांड बेटांजवळ एकोणिसाव्या शतकातील जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या आणि काहींमधील पेय चाखण्याजोगे निघाले. त्यात आजच्या मानाने साखर कितीतरी अधिक होती, कारण त्या काळच्या ग्राहकांना ते गोडच लागे. लिलावात एका बाटलीला ३०,००० युरो मिळाले. आणि १७७१ मध्ये फिनलंडजवळ बुडालेल्या ‘व्रौ मारिया’वर रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनसाठी घेतलेली डच चित्रे होती. १९९९ मध्ये ते जहाज जवळजवळ अखंड स्थितीत सापडले आहे, खोली अवघी ४१ मीटर आहे, तरी ते तिथेच ठेवलेले आहे. चित्रे उरली आहेत की नाहीत हे कोणालाच ठाऊक नसणे, हीच या जहाजाची सगळी ओढ आहे, असे मला वाटते.

उत्खनक

‘गेल्डरमाल्सेन’चा उल्लेख झाला म्हणून लिहितो. त्या लिलावाला चीनने आपले दोन तज्ज्ञ पाठवले होते, पण भाव इतके चढले की त्यांना एकही वस्तू घेता आली नाही. त्यानंतर लगेचच, १९८७ मध्ये, चीनने पाण्याखालील पुरातत्त्वाचे काम सरकारी पातळीवर सुरू केले. विकलेली भांडी आज जगभर विखुरलेली आहेत. कोणती पेटी कुठल्या खणात होती, कोणती भांडी खलाशांच्या खासगी व्यापाराची होती, जहाज कोणत्या बाजूने फुटले, हे प्रश्न आता विचारण्यात अर्थ उरलेला नाही, कारण भांडी उचलण्याच्या घाईत या नोंदी कोणी नीट केल्याच नाहीत.

तुलनेसाठी ‘उलुबुरुन’ पाहा. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला १९८२ मध्ये धातूच्या चमत्कारिक आकाराच्या विटा दिसल्या. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीचे हे जहाज उत्खनन करायला १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे आणि बावीस हजारांहून अधिक बुड्या लागल्या. दहा टन तांबे आणि एक टन कथील निघाले. कांसे बनवण्यासाठी लागणारे हे जवळजवळ नेमके प्रमाण आहे. शिवाय काचेच्या लगडी, आफ्रिकेचे काळे लाकूड, हस्तिदंत, राळेने भरलेले रांजण आणि इजिप्तची राणी नेफरतितीचे नाव कोरलेली सोन्याची मुद्राही मिळाली. बाजारात तांब्याच्या गंजलेल्या विटेला काय मिळेल ते मिळो. पण सात-आठ संस्कृतींचा माल एकाच तळखणात कसा येतो हे त्या जहाजामुळे कळले, आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी मोजली गेली म्हणूनच कळले.

दुसरे उदाहरण नामिबियाचे. २००८ मध्ये तेथील हिऱ्यांच्या खाणीत, समुद्र मागे हटवून काढलेल्या वाळूत, बहुधा १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेले ‘बोम जेझुस’ हे जहाज सापडले. दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी होती, त्यामुळे बातम्या नाण्यांच्याच झाल्या. पण त्यातील शंभरावर हस्तिदंतांच्या जनुकीय तपासणीतून ते पश्चिम आफ्रिकेतील वनहत्तींच्या सतरा वेगवेगळ्या कळपांचे असल्याचे दिसले, आणि त्यांतील बहुतेक वंशावळी आज कुठे आढळत नाहीत. हे दात कोणी एकेक करून विकले असते, तर ती माहितीही त्यांच्याबरोबर गेली असती.

साशंक

मान्य, पण हे सगळे पैसा असलेल्या संस्थांना परवडते. बेलितुंगचे काय करायचे? १९९८ मध्ये इंडोनेशियातील मच्छीमारांना नवव्या शतकातील अरबी बांधणीचे जहाज सापडले, आत सुमारे साठ हजार चिनी भांडी. राज्यसत्ता डळमळीत, लूट सुरू झालेली. खासगी कंपनीने परवाना घेऊन माल काढला, तो एकत्र ठेवला आणि सिंगापूरने तो सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतला. त्यात इसवी सन ८२६ शी जुळणारी तारीख असलेला वाडगा आहे, फळ्या दोरीने शिवून बांधलेल्या जहाजाचा पुरावा आहे. तरीही २०११ मध्ये पुरातत्त्वज्ञांच्या विरोधामुळे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने ते प्रदर्शन भरवले नाही. कंपनीने हात लावला नसता तर ती भांडी आज कुठे असती?

उत्खनक

लुटीत गेली असती, हे मी नाकारत नाही. बेलितुंगचा संग्रह अखंड राहिला हे त्या विक्रीचे श्रेयच आहे आणि प्रदर्शन रोखल्याने नेमके काय साधले, याबद्दल पुरातत्त्वज्ञांमध्येही मतभेद आहेत. युनेस्कोचा २००१ चा करार, जो २००९ पासून अमलात आहे, शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या वारशाच्या व्यापारी विक्रीला मनाई करतो आणि वस्तू जागेवर राखण्याचा विचार आधी करायला सांगतो. माझा आक्षेप कंपनीने पैसे मिळवण्यावर नाही; विकता येईल तेवढेच उचलायचे आणि उरलेले तुडवून जायचे, या रीतीवर आहे. ‘गेरसोप्पा’तून चांदीबरोबर टपालातील सातशेच्या आसपास पत्रेही निघाली आणि ती जतन झाली, म्हणजे कंपनीने ठरवले तर हे जमते.

कायद्याचा वाचक

चांदीच्या आगबोटींचा हिशेब नेहमी जमतो, या खोलपाणी यांच्या विधानाला एक अपवाद नोंदवतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडवली आणि २८० माणसे गेली. तिच्यावर चांदीच्या २,३६४ विटा होत्या. दक्षिण आफ्रिकेने त्या नाणी पाडण्यासाठी विकत घेतल्या होत्या. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने त्या कोणाशीही आधी करार न करता काढून इंग्लंडला आणल्या आणि मोबदला मागितला. दक्षिण आफ्रिकेने परकीय राज्याला असलेले संरक्षण पुढे केले. खालच्या दोन न्यायालयांत कंपनी जिंकली, पण मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेची बाजू उचलून धरली. दोन्ही पक्षांनी त्याआधीच आपसांत तडजोड केली होती, तरी पुढच्या सर्व प्रकरणांसाठी निकाल लागू राहिला. थोडक्यात, करार बुडी मारण्याआधी करावा लागतो.

गलबत

चर्चा अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली, सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वरील प्रतिसादांमुळे मला आकड्याचा उगम अधिक स्पष्ट दिसू लागला आहे. आकडा फुगतो तो जिथे कोणाला तरी पटवायचे असते तिथे. ‘सेंट्रल अमेरिका’च्या शोधासाठी १६१ गुंतवणूकदारांनी एक कोटी सत्तावीस लाख डॉलर दिले होते. सोने निघाले, विकलेही गेले, एकट्या एका लगडीला २००१ मध्ये ऐंशी लाख डॉलर मिळाले. तरी गुंतवणूकदारांना पैसे परत न मिळाल्याने ते न्यायालयात गेले. मोहिमेचे प्रमुख टॉमी थॉम्पसन २०१२ मध्ये फरार झाले, २०१५ मध्ये सापडले आणि ५०० सोन्याच्या नाण्यांचा ठावठिकाणा न सांगितल्याबद्दल कित्येक वर्षे तुरुंगात राहिले.

‘सान होजे’चेही तसेच आहे. कोलंबियाने २०२० मध्ये त्या जहाजावरील सर्व वस्तू राष्ट्रीय सांस्कृतिक संपत्ती ठरवल्या, म्हणजे त्यांतील एकही नाणे कायदेशीरपणे विकता येणार नाही. स्पेन तिला आपली युद्धनौका म्हणतो, आणि चांदी ज्या पोटोसीच्या खाणीतून निघाली तिथे ज्यांच्या पूर्वजांना राबवले गेले, ते बोलिव्हियातील खारा खारा लोकही आपला वाटा सांगतात. विक्रीच नसलेल्या मालाची वीस अब्जांची किंमत मग लागते कोणाला? हे जहाज १९८०च्या दशकातच आपल्याला सापडले होते, असा दावा करणारी एक अमेरिकी कंपनी निम्म्या मालाची भरपाई म्हणून कोलंबियाकडे दहा अब्ज डॉलर मागत आहे आणि ते प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे आहे. निम्मे दहा अब्ज होण्यासाठी संपूर्ण वीस अब्जच असावे लागते.

चहाबाज

मग १५११ मध्ये मलाक्का लुटून गोव्याकडे परतताना सुमात्राजवळ बुडालेल्या आल्बुकेर्कच्या ‘फ्लोर द ला मार’चा आकडा कोणी काढला असेल? त्या लुटीची विश्वासार्ह यादी उपलब्ध नाही, जहाजही खात्रीने सापडलेले नाही, आणि तरी त्याच्या नावापुढे अब्जांची रक्कम नियमाने छापली जाते.

गलबत

तिथे तर गुणाकाराला पहिली संख्याच नाही. त्या जहाजासाठी वेगळा धागा काढणे बरे.